एकट्या पिपेरिनची साक्ष

त्रिकटू चूर्णाच्या डबीवर ‘प्रमाणित’ असे छापलेले असते, त्यात हमी नेमकी कशाची, असे एका वाचकाने विचारले आहे. सुंठ, मिरे व पिंपळी समभाग कुटून वस्त्रगाळ केली की त्रिकटू सिद्ध होते. परंतु भुकटी होताच द्रव्यांची मूळ रूपे लोपतात, आणि नेमकी हीच गोष्ट भेसळ करणाराच्या पथ्यावर पडते.

म्हणून हल्ली रासायनिक पुराव्याचा बोलबाला आहे: पिपेरिन अमुक टक्के भरले, की माल खरा. हे पिपेरिन मिऱ्यांतून प्रथम वेगळे केले ते १८१९ साली डेन्मार्कच्या हान्स क्रिस्तियन अर्स्टेड यांनी; पण पुढच्याच वर्षी विद्युत्प्रवाहाजवळ होकायंत्राची सुई वळते हे दाखवून या गृहस्थांनी पदार्थविज्ञानाला अशी कलाटणी दिली, की त्यांची ही तिखट कमाई लोकांच्या स्मरणातून पार गळून गेली.

परंतु पिपेरिन मिऱ्यांत असते तसे पिंपळीतही असते. पिंपळी सामान्यतः मिऱ्यांहून महाग. तेव्हा ती साफ वगळून मिऱ्यांचे माप वाढवले, तरी या एकाच साक्षीदारावर विसंबणारा परीक्षक ते चूर्ण निर्दोष ठरवील. सुंठीचा प्रकार आणखी निराळा: वाळताना व तापताना तिच्यातील जिंजेरॉलचे काही अंशी शोगाओल होते, त्यामुळे तिथला आकडा स्थिर राहतच नाही.

याउलट, जुनाट म्हणून ज्यांना नाके मुरडली जातात त्या परीक्षा पाहाव्यात. मिऱ्यांत पपईच्या बिया मिसळणे हा बाजारातला जुना शिरस्ता. अशा मिरपुडीवर आयोडिनचा थेंब टाकून ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर मिऱ्यांतले पिष्टकण निळेकाळे होतात आणि पपईच्या बियांचे तेलकट तुकडे मात्र निळे होण्याचे नाव घेत नाहीत. चूर्णाची राख सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उकळली, की क्षार बहुतांशी विरघळून तळाशी मुख्यतः वाळू उरते, जी ग्राहकाने औषधाच्या भावाने विकत घेतलेली असते. शासकीय आयुर्वेदिक औषधिकोशात राखेचा हिशेब आहेच. तंटा आहे तो एकाच आकड्यावर निवाडा देण्याच्या हव्यासाशी.

शार्ङ्गधराने चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होते असे सांगितले, ते अकारण नव्हे: दळल्याने पृष्ठभाग वाढतो, सुगंधी तेल उडते, दमट हवा आत शिरते. म्हणजे कारखान्याच्या दारात काढलेला आकडाही मुदतीचाच. अख्खी पिंपळी ओळखायला मात्र जाणता डोळा पुरतो. तेव्हा दळण्यापूर्वी प्रत्येक द्रव्याचा नमुना मोहोरबंद करून दफ्तरी ठेवण्याची सक्ती करावी, आणि महागड्या यंत्रांचा खर्च त्यानंतर मंजूर करावा.