पोर्ट टॅलबॉट: भट्टीला पन्नास कोटी, गावाला दहा

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातून निघालेली गाडी कार्डिफ सोडून स्वॉन्झीकडे निघाली, की काही वेळाने डाव्या हाताला समुद्राच्या कडेने एक कारखाना सुरू होतो आणि बराच वेळ संपत नाही. उजव्या हाताला हिरवे डोंगर. या दोहोंमधल्या चिंचोळ्या पट्टीत घरांच्या रांगा दाटीवाटीने उभ्या आहेत आणि त्यांच्या डोक्यावरून, खांबांवर तोललेला एम-4 महामार्ग जातो. दक्षिण वेल्समधले हे पोर्ट टॅलबॉट, वस्ती सुमारे 32 हजार.

मार्गमच्या टॅलबॉट जमीनदारांचे नाव एकोणिसाव्या शतकात इथल्या बंदराला मिळाले आणि बंदरावरून गावाला. पोलाद आले विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. महायुद्धानंतर, 1947 मध्ये स्टील कंपनी ऑफ वेल्स उभी राहिली आणि 1951 मध्ये तिचा ॲबी वर्क्स हा प्रचंड कारखाना सुरू झाला. मार्गमच्या बाराव्या शतकातल्या मठावरून त्याला हे नाव पडले. साठच्या दशकात इथे सुमारे 18 हजार माणसे कामाला होती. 1967 मध्ये कारखाना सरकारी झाला, 1970 मध्ये लोहखनिजाची मोठी जहाजे लागावीत म्हणून खोल पाण्याचे बंदर खुले झाले आणि पुढच्या दहाच वर्षांत, 1980 च्या कपातीत, हजारो जणांच्या नोकऱ्या गेल्या. नोकरकपात या गावाला नवी नाही.

काळ्या-तांबड्या धुळीच्या या गावाने रंगभूमीला मात्र भरभरून दिले. अँथनी हॉपकिन्स यांचा जन्म इथला, मायकेल शीन इथे लहानाचा मोठा झाला आणि रिचर्ड बर्टन जवळच्याच पॉन्ट्रहिडिव्हेन या खेड्यातला. 2011 च्या ईस्टरला शीनने गावकऱ्यांना सोबत घेऊन, गावालाच रंगमंच करून, तीन दिवसांचे नाट्य उभे केले. 2018 च्या डिसेंबरात बँक्सीने इथल्या एका गॅरेजच्या कोपऱ्यावर चित्र काढले: एका भिंतीवर एक मूल जीभ बाहेर काढून हिमकण झेलते आहे, आणि वळून दुसरी भिंत पाहावी तर ते हिमकण म्हणजे पेटलेल्या कचऱ्याची राख. ते चित्र पुढे गावाबाहेर गेले. धुळीचा विषय गावात कायम आहे, पण ती धूळ पगारही घेऊन येत होती, हेही कोणी विसरत नाही.

2007 मध्ये टाटा स्टीलने या कारखान्याची मालक असलेली कोरस ही कंपनी विकत घेतली आणि या गावाचे भवितव्य मुंबईत ठरू लागले. मार्च 2016 मध्ये संचालक मंडळाच्या मुंबईतल्या बैठकीत ब्रिटनमधला व्यवसाय विकायचा विचार पुढे आला, तेव्हा कामगारांची बाजू मांडायला युनियनचे नेते रॉय रिकस आणि स्थानिक खासदार स्टीव्हन किनॉक थेट मुंबईला आले होते. त्या वेळी विक्री टळली, तोटा टळला नाही.

शेवटी निकाल लागला तो 2024 मध्ये. मार्चमध्ये कोकच्या भट्ट्या थांबल्या, जुलैमध्ये पाच नंबरची झोतभट्टी, आणि 30 सप्टेंबरला चार नंबरची. खनिजापासून लोखंड काढण्याचे काम इथे त्या दिवशी संपले. ब्रिटनभरातल्या 2,800 पर्यंत नोकऱ्या जाणार, असे कंपनीने जानेवारीतच जाहीर केले होते आणि त्यांतल्या बहुतेक याच गावातल्या. रोलिंग मिल चालू राहिल्या, पण त्यांना लागणारे पोलाद आता नेदरलँड्स आणि भारतातून जहाजाने येते.

झोतभट्टीच्या जागी येणार आहे विद्युत आर्क भट्टी. ती खनिज आणि कोळसा न वापरता विजेच्या ज्वालेने भंगार वितळवते. ब्रिटन दर वर्षी लाखो टन भंगार परदेशी पाठवतो, म्हणजे कच्चा माल घरचाच. वर्षाला सुमारे 30 लाख टन पोलाद निघेल आणि कारखान्यातून हवेत जाणारा कार्बन 90 टक्क्यांनी घटेल, असा कंपनीचा दावा आहे. प्रकल्पाचा खर्च 125 कोटी पौंड. त्यातले 50 कोटी, म्हणजे 2024 च्या दराने साधारण साडेपाच हजार कोटी रुपये, ब्रिटिश सरकारचे अनुदान. आधीच्या हुजूर पक्षाच्या सरकारने 2023 मध्ये हा सौदा जाहीर केला, सही सप्टेंबर 2024 मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने केली. कंपनीने शब्द पाळला नाही तर पैसे परत घेण्याची अटही करारात आहे. जुलै 2025 मध्ये बांधकामाचा मुहूर्त झाला.

गावासाठी वेगळी थैली आहे: या बदलातून गावाला सावरण्यासाठी नेमलेल्या संक्रमण मंडळाचा 10 कोटी पौंडांचा निधी, त्यात सरकारचे 8 आणि टाटांचे 2. कारखान्यावर अवलंबून असलेल्या छोट्या पुरवठादारांना सावरणे, कामगारांना नवे कौशल्य शिकवणे, नव्या धंद्याला भांडवल देणे, यासाठी तो आहे. ऑगस्ट 2024 मध्ये त्यातले पहिले 1.35 कोटी सुटले.

आकडे शेजारी शेजारी ठेवले की गोष्ट स्पष्ट होते. सरकार म्हणते, या अनुदानाने 5,000 नोकऱ्या वाचल्या. म्हणजे वाचलेल्या एका नोकरीमागे एक लाख पौंड. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या ते, त्यांचे पुरवठादार आणि सगळा परिसर यांच्या वाट्याला मिळून एकूण अनुदानाच्या पाचव्या हिश्श्याएवढी रक्कम. आणि नवी भट्टी मुळात जुन्या भट्ट्यांपेक्षा कमी हातांत चालते. सरकारी पैशाने पोलाद टिकते, पण गाव टिकवायला दुसरे काम आणावे लागते. समुद्रात तरंगत्या पवनचक्क्या उभारायच्या आणि त्यांची जुळणी या खोल बंदरात करायची, अशी आशा आहे. बंदराला त्यासाठीही सरकारी मदतीचे आश्वासन मिळाले आहे. तो उद्योग अजून यायचा आहे, भट्ट्या मात्र थांबून गेल्या.

मुंबईकर वाचकाला यात गिरणगाव दिसल्याशिवाय राहणार नाही. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली 2012 मध्ये, तीस वर्षांनी. तोवर अनेक जण मुंबई सोडून गेले होते, अनेक जण हयात नव्हते. पोर्ट टॅलबॉटमध्ये झोतभट्टी विझण्याआधी मंडळ बसले आणि रक्कम ठरली, ही फार मोठी गोष्ट आहे. चुकले ते वाटपाचे गणित. भट्टीवरचा खर्च एकदाच करायचा असतो. पन्नाशीतल्या कामगाराला नव्या कामावर उभे करायला वर्षे लागतात आणि त्या वर्षांचा हिशेब या दहा कोटींत बसत नाही. नव्या भट्टीतून पोलाद 2027 च्या अखेरीस किंवा 2028 मध्ये निघेल अशी अपेक्षा आहे. त्या वेळी मंत्री टन मोजतील. बंद पडलेल्या भट्ट्यांवरची किती माणसे याच गावात, तेवढ्याच पगारावर कामाला आहेत, हेही तेव्हा मोजले गेले पाहिजे. अनुदान कोणाला मिळाले, याचे खरे उत्तर त्या मोजणीतच आहे.