फ्रान्सिस साल्व्हाडोर : कायद्याने परवानगी नसताना निवडून आलेला ज्यू



अमेरिकेत आल्यावर मला नेहमी एक प्रश्न पडे : इथे पहिला ज्यू निवडून आला तो कधी? हा मान फ्रान्सिस साल्व्हाडोर यांना दिला जातो. तेव्हा अमेरिका देश झालाच नव्हता, इंग्रजांच्या वसाहती होत्या.

साल्व्हाडोर लंडनचे, पोर्तुगीज ज्यू घराण्यातले. घराण्याची संपत्ती घटल्यावर बायकोमुलांना मागे ठेवून ते १७७३च्या अखेरीस साउथ कॅरोलायनात आले. तिथे हजारो एकर जमिनीवर त्यांची शेती होती. राबायला गुलाम होते, हेही सांगायलाच हवं.

कायद्याप्रमाणे तिथे ज्यूंना निवडून येण्याचा हक्क सोडाच, साधं मतही नव्हतं. तरी नाइन्टी सिक्स जिल्ह्यातल्या लोकांनी वर्षभरातच त्यांना प्रांतिक काँग्रेसवर पाठवलं. १७७५च्या जानेवारीत चार्ल्सटनला ती भरली, तेव्हा ते सभासद होते. कोणी हरकत घेतली नाही. दुसऱ्या काँग्रेसमध्येही ते होते, आणि १७७६च्या मार्चमध्ये तिचीच विधानसभा झाली तेव्हा तिच्यातही. जिल्ह्याची शांतता, सैनिकांचे पगार अशी कामं त्यांच्याकडे आली.

त्याच उन्हाळ्यात सरहद्दीवर लढाई पेटली. आपली जमीन जात असल्यामुळे चेरोकी लोक चिडले होते, आणि इंग्रजांचे पक्षपाती त्यांना मिळाले होते. साल्व्हाडोर घोड्यावरून मेजर विल्यमसन यांना खबर द्यायला दौडले आणि त्यांच्याच तुकडीत सामील झाले. १ ऑगस्ट १७७६च्या रात्री तुकडीवर दबा धरून हल्ला झाला आणि ते मारले गेले. वय अवघं २९.

आता पुढची गंमत बघा. १७७८ साली त्याच प्रांताने नवी घटना केली आणि विधिमंडळात फक्त प्रोटेस्टंटच बसतील असं लिहून टाकलं! म्हणजे साल्व्हाडोर हयात असते, तर ज्या सभेसाठी जीव दिला तिचंच दार त्यांना बंद झालं असतं. ही अट १७९०च्या घटनेत गेली.

आपल्याला मुंबईचे डॉ. एलिजा मोझेस आठवतील, १९३७-३८चे महापौर. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. कोकणात आणि मुंबईत शेजाऱ्यांनी आपल्याला नेहमी आपलंच मानलं. साल्व्हाडोर यांनाही शेजाऱ्यांनीच निवडून दिलं. पण माझं म्हणणं एवढंच, की शेजाऱ्यांचं प्रेम कितीही मोठं असलं तरी हक्क कागदावर लिहिलेला असावा. नातवंडांना हे जरूर सांगा.