गटाचे पोटहिस्से आणि संगणकाचे सबनेट

गोरेगाव (ता. सेनगाव) : जमिनीचा गट, त्याचे पोटहिस्से, बांध आणि वहिवाटीचा रस्ता या गोष्टी आपल्या भागातल्या शेतकऱ्याला कोणी समजावून सांगाव्या लागत नाहीत. पण संगणकाच्या जाळ्यातही असेच गट असतात, त्यांचे हिस्से पडतात, मध्ये बांध असतो आणि बाहेर जायला वेस असते. हे हिस्से पाडण्याच्या कामाला ‘सबनेटिंग’ म्हणतात. माझा पुतण्या नेटवर्किंगच्या परीक्षेचा अभ्यास करतो. त्याच्याजवळ बसून मीही हे शिकलो. शेतकऱ्याच्या लेकरांनी याला भिऊ नये आणि गावच्या कारभाऱ्यांनीही ते थोडेफार समजून घ्यावे, म्हणून हा लेख.

पाच क्विंटलांची परीक्षा

पुतण्या देतो ती परीक्षा सिस्को कंपनीची ‘सीसीएनए’. वेळ १२० मिनिटे. गणकयंत्र चालत नाही. पुढच्या प्रश्नावर गेले की मागे येता येत नाही. फी डॉलरमध्ये, रुपयांत ती पंचवीस हजारांच्या घरात जाते. सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये धरला, तर पाच क्विंटलांहून जास्त माल एका परीक्षेला लागतो.

पहिल्या खेपेला तो नापास झाला. आमचे दादा रागावले नाहीत. “पाच क्विंटल गेलं,” एवढंच म्हणाले आणि बैलं सोडायला गेले. ते रागावले असते तर पोराला बरे वाटले असते.

पोराची चूक एकच होती. सबनेटचा तक्ता त्याने पाठ केला होता, समजून घेतला नव्हता. तक्ता विसरला की सगळेच गेले.

पायली, अधोली, शेर

जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१०.७७. आकडे चार, आणि प्रत्येक ० ते २५५ मधला. संगणक मात्र हा आकडा आपल्यासारखा लिहीत नाही. त्याच्याकडे प्रत्येक आकड्यासाठी आठ घरे असतात. त्यांची किंमत १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. घर भरले तर १, रिकामे असले तर ०. मग ७७ म्हणजे ६४ अधिक ८ अधिक ४ अधिक १, अर्थात ०१००११०१.

मी हे वहीत मांडत होतो तेव्हा दादा मागे उभे होते. ते म्हणाले, “हे तं आपल्या मापावानीच हाय की! पायली, अधोली, शेर, अच्छेर, पावशेर. दर माप आधीच्याच्या निम्मं.” पुतण्या बघतच राहिला. महिनाभर जे डोक्यात शिरत नव्हते, ते बापाने एका वाक्यात सांगितले.

बांध कुठे घालायचा?

चार आकड्यांची मिळून ३२ घरे होतात. त्यातली पुढची काही घरे गटाची, उरलेली त्या गटातल्या यंत्रांची. दोहोंच्या मधला बांध म्हणजे ‘सबनेट मास्क’.

१९२.१६८.१०.० /२४ असे लिहिले, तर पहिली २४ घरे गटाची आणि ८ यंत्रांची. आठ घरांत २५६ क्रमांक बसतात. बांध दोन घरे पुढे सरकवून /२६ केला, की गटाचे चार हिस्से पडतात आणि प्रत्येकात ६४ क्रमांक येतात. सरकवलेल्या दोन घरांची किंमत १२८ अधिक ६४, म्हणजे १९२. म्हणून मास्क २५५.२५५.२५५.१९२. आता २५६ मधून १९२ वजा करा, ६४ राहतात. हीच हिश्श्याची रुंदी. बांध येतात ०, ६४, १२८ आणि १९२ वर. मग ७७ कोणत्या हिश्श्यात? ६४ ते १२७ च्या. तक्ता पाठ करायची गरजच नाही.

इथे एक फरक ध्यानात ठेवा. शेत तीन भावांत सारखे वाटता येते, जाळे येत नाही. इथे दर वेळी निम्मेच करावे लागते. हिस्से लहानमोठे मात्र करता येतात. समजा शाळेला ५० यंत्रे, ग्रामपंचायतीला २० आणि दवाखान्याला १० लागणार आहेत. मोठा हिस्सा आधी काढावा : शाळेला ० ते ६३, पंचायतीला ६४ ते ९५, दवाखान्याला ९६ ते १११. पुढचे ११२ ते २५५ शिल्लक राहिले, उद्याच्या वाढीला.

दवंडी आणि वेस

प्रत्येक हिश्श्यातले दोन क्रमांक यंत्राला देत नाहीत. पहिला हिश्श्याच्या नावाचा, शेवटचा दवंडीचा. दवंडीच्या क्रमांकावर निरोप टाकला की तो हिश्श्यातल्या प्रत्येक यंत्राला ऐकावा लागतो. म्हणून ६४ पैकी ६२ च वापरात येतात. हिस्से का पाडायचे तेही यावरून कळते. शेकडो यंत्रे एकाच गटात ठेवली, तर प्रत्येकाची दवंडी सगळ्यांच्या कानी जाते आणि कामाला अडथळा होतो.

आपल्या हिश्श्यातल्या यंत्राशी संगणक थेट बोलतो. बाहेरच्याशी बोलायचे तर निरोप वेशीवर, म्हणजे ‘गेटवे’वर, नेऊन देतो. समोरचा आतला की बाहेरचा, हे तो मास्क बघून ठरवतो.

चालू प्रिंटर छापेना

मागे एका कार्यालयात लाभार्थ्यांच्या याद्या छापायचा शेवटचा दिवस होता. नवा प्रिंटर छापेना. वायर बदलली, शाईची डबी बदलली, दुपार झाली. बाहेर माणसे ताटकळत बसलेली. शेवटी मी पुतण्याला फोन लावला.

“काका, प्रिंटरचा नंबर वाचा.”

“शेवटी ७०.”

“आन् तुमच्या संगणकाचा?”

“२०. मास्कच्या शेवटी १९२.”

“मग दोघं दोन हिश्श्यांत हायत. बांधापल्याडच्याला हाक जाईल कशी? प्रिंटरला ४० द्या, पण ४० दुसऱ्या कुणाला दिलाय का ते आधी बघा.”

४० रिकामा होता. क्रमांक बदलला आणि कागद बाहेर पडू लागला. यंत्रात काहीच बिघाड नव्हता. एक आकडा बांधाच्या चुकीच्या बाजूला पडला होता, एवढेच. संध्याकाळी हे घरी सांगितले तेव्हा दादांनी दोनदा विचारून घेतले.

जमिनीसारखेच, वाढत नाही

या पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी, आणि जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या वर. पूर्वी पत्ते ठरलेल्या तीन मापांतच मिळत : २५६, ६५,५३६ किंवा १ कोटी ६७ लाखांच्या वर. ज्याला ३०० हवेत त्याला ६५,५३६ चा गट द्यावा लागे. तीन एकर मागणाऱ्याला अख्खे शिवार देण्यासारखेच ते. गटाचे हिस्से पाडण्याची रीत १९८५ मध्ये ठरली. हवा तिथे बांध घालून पत्ते वाटण्याची पद्धत १९९३ मध्ये आली. तरीही जागतिक साठ्यातले शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. म्हणून १२८ घरांची नवी पत्तापद्धत, आयपीव्ही-६, वापरात येत आहे. हिस्से तिच्यातही पाडावेच लागतात.

१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते मात्र घरगुती आहेत. प्रत्येक घरात एक ‘थोरला’ असतो, तरी गावात घोटाळा होत नाही. तसेच हे पत्ते कोणीही आपल्या आतल्या जाळ्यात वापरावेत.

कारभाऱ्यांसाठी

ग्रामपंचायतींपर्यंत तार नेणाऱ्या योजनेला केंद्राने २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. पण तार आली म्हणजे काम झाले असे नाही. पंचायत, शाळा, सेवा केंद्र यांनी एक वही घालावी. कोणत्या यंत्राला कोणता क्रमांक, मास्क काय, वेस कोणती, कोणत्या तारखेला दिला, हे त्यात लिहावे. एकच क्रमांक दोघांना गेला की तंटा ठरलेला. सातबारा नसलेल्या जमिनीचे काय होते, ते आपल्याला माहीतच आहे.

आणि ज्यांची लेकरे हा अभ्यास करतात, त्यांनी ‘आपल्याला काय कळतंय त्यातलं’ म्हणून उठून जाऊ नये. जवळ बसावे. मापे, वाटण्या आणि बांध आपल्याइतके कोणाला कळतात? पुतण्या पुन्हा परीक्षेला बसणार आहे. फीसाठी या हंगामातली पाच पोती दादांनी बाजूला काढून ठेवली आहेत. बाकीचे कुठून भरायचे, ते अजून ठरायचे आहे.