वसुबारस : गाईचे दूध वासराला, पाहुण्याला थंड कॉफी

दिवाळीचा पहिला दिवा देवघरात नव्हे, गोठ्यात लागतो. आश्विन वद्य द्वादशी, म्हणजेच गोवत्सद्वादशी अथवा वसुबारस. वसू म्हणजे धन आणि बारस म्हणजे द्वादशी. धनत्रयोदशीस लक्ष्मीची आठवण होण्याच्या आदल्या सायंकाळी आपल्या पूर्वजांनी खऱ्या धनाची, म्हणजे सवत्स धेनूची पूजा सांगितली, यातच या सणाचे सारे मर्म आले. तिन्हीसांजेला गुरे घरी परतण्याच्या वेळी सुवासिनी गाईच्या पायांवर पाणी घालतात, हळदकुंकू व फुले वाहतात, निरांजन ओवाळतात आणि नैवेद्याचा घास तिच्या मुखी देतात. दिवसभर उपवास करून रात्री बाजरीची भाकरी व गवारीच्या शेंगांची भाजी खाऊन तो सोडण्याची चाल आपल्याकडे सर्वश्रुत आहे.

या दिवसाचा आणखी एक नियम आहे व आजच्या लेखाचा विषय त्यातूनच निघतो. वसुबारसेला गाईचे दूध आणि त्यापासून झालेले दही, ताक, तूप घ्यावयाचे नाही. त्या दिवशीचे दूध वासराचे. वर्षभर आपण त्याच्या वाट्यातील घेतो. एक दिवस त्याचे त्याला पोटभर मिळू द्यावे, इतका साधा आणि इतका खोल असा हा संकल्प आहे.

कहाणीतील वासरे

हा नियम कोठून आला हे सांगणारी कहाणी वडीलधाऱ्या स्त्रियांच्या तोंडून पुष्कळांनी ऐकली असेल. एका म्हातारीच्या घरी गव्हाळी आणि मुगाळी अशी दोन वासरे होती. एके दिवशी शेतावर जाताना तिने सुनेला गव्हाचे व मुगाचे रांधून ठेवावयास सांगितले. सून नवी होती, भोळी होती, आणि सासूचा शब्द मोडावयाचा नाही एवढेच तिला ठाऊक होते. तिने गव्हाळ्या-मुगाळ्यांनाच कापून शिजविले. सासू परतली आणि ते पाहून सुन्न झाली. सुनेला शासन करण्याऐवजी ती देवापुढे धरणे धरून बसली; संध्याकाळी गाई हंबरत येतील त्यापूर्वी त्यांची वासरे त्यांना परत दे, नाही तर माझा प्राण घे, असे तिने विनविले. गाई आल्या, त्यांचा हंबरडा देवाच्या कानी पडला आणि वासरे उड्या मारीत आईला लुचावयास धावली. म्हणून या दिवशी गहू आणि मूग वर्ज्य झाले.

कहाणीतील सून दुष्ट नव्हती, हे ध्यानात घ्यावे. तिने केवळ शब्द पाळला, अर्थ पाहिला नाही. व्रताच्या बाबतीतही हाच धोका असतो, आणि आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात तर तो अधिकच.

दुधाच्या जिल्ह्यातील व्रत

पूर्वीचा अहमदनगर आणि आता पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव धारण करणारा हा जिल्हा महाराष्ट्रातील दुधाच्या जिल्ह्यांत अग्रगण्य. अकोल्याच्या डोंगराळ भागातील डांगी गाय मुसळधार पावसात टिकाव धरणारी म्हणून नावाजलेली. संगमनेर, राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी या पट्ट्यात सहकाराने ऊस आणि दूध ही दोन्ही घरोघर पोचविली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गीर, होल्स्टीन आणि जर्सी अशा तीन वंशांच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' ही गाय तयार केली. दूध वाढले, संसार उभे राहिले, मुलामुलींची शिक्षणे झाली. हे ऋण विसरून चालणार नाही.

परंतु याच बदलात वासराचे स्थान पालटले. देशी गाय वासरू लावल्याखेरीज सहसा पान्हा सोडीत नसे. त्यामुळे धार काढणाऱ्याला दोनदा तरी त्या वासराचे तोंड पाहावे लागे आणि एखादे सड त्याच्यासाठी राखावे लागे. संकरित गाय वासरावाचूनही दूध देते. बैलाचे काम ट्रॅक्टरने घेतल्यावर गोऱ्ह्याला शेतात जागा उरली नाही, आणि जे निरुपयोगी त्याच्या वाट्याचे दूधही आटते. यात गोपालकाला दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. चाऱ्याचा व पेंडीचा खर्च आणि दुधाचा दर यांची तोंडमिळवणी करताना त्याची काय ओढाताण होते हे या जिल्ह्याला सांगावयास नको. चांगदेवांच्या समाधीने पावन झालेल्या पुणतांब्यातून १ जून २०१७ रोजी शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, तेव्हा दूध रस्त्यावर ओतले गेले होते. ज्याच्या घरी दूध हेच धन आहे त्याने ते रस्त्यावर ओतावे, यापरते दुःख कोणते?

म्हणून वसुबारसेला दूध वर्ज्य करणे याचा अर्थ दुधाला किंवा दूधउत्पादकाला पाठ दाखविणे असा कोणी करू नये. वर्षातील एक दिवस, तोही वासराच्या नावाने. ज्यांच्या दारी गाय आहे त्यांनी त्या दिवशी वासराला, मग ती कालवड असो वा गोऱ्हा, मनसोक्त पिऊ द्यावे. ज्यांच्या दारी गाय नाही त्यांनी निदान आपल्या पेल्यातील दूध सोडावे.

पिशवीतील दुधाचा प्रश्न

येथे शहरातील गृहिणींची एक अडचण आम्हांस ठाऊक आहे. नियम गाईच्या दुधाचा आहे, तेव्हा म्हशीचे दूध चालेल, असे पुष्कळ घरांत मानतात व तसे करतात. ते त्यांच्या कुलाचारास धरून आहे. परंतु पूर्वी गवळी दारात येई आणि दूध कोणाचे हे त्याला विचारता येई. आज पिशवीवर 'टोण्ड दूध' एवढेच असले, तर ते गाईचे, म्हशीचे की दोन्ही मिळून, हे कळावयास मार्ग नसतो. संकल्प करावयाचा आणि तो पाळला गेला की नाही याची शंका मनात बाळगावयाची, यापेक्षा तो एक दिवस जनावराच्या दुधावाचूनच काढणे आम्हांस अधिक सरळ वाटते. चातुर्मासात महिन्यागणिक एकेक पदार्थ सोडणारी घराणीही आहेत. श्रावणात भाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल धान्ये. त्यांना तर आश्विनात ही सवय असतेच.

अडते ते पाहुण्यापाशी. दिवाळीचा पहिला दिवस, दारी आप्तेष्टांची ये-जा, आश्विनातील दुपारचे कडक ऊन आणि उपवासाने आलेली ग्लानी. अशा वेळी समोर काय ठेवावे? सरबत आहेच, पण चहा-कॉफीची सवय असलेल्यांचे त्यावर समाधान होत नाही. दुधाविना पेय म्हणजे उणे काही, असे मात्र समजू नये. याच नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात स्थानबद्ध असलेले मौलाना अबुल कलाम आझाद यांनी तेथे लिहिलेल्या पत्रांत चहावर मोठ्या रसिकतेने लिहिले आहे, आणि चहात दूध घालणे त्यांना मुळीच मान्य नव्हते. तरीही आपल्या घरांतून कॉफी म्हणजे दूध, साखर आणि वर जायफळ हे समीकरण पक्के आहे. ते न मोडता दुधाची जागा शेंगदाण्याने आणि नारळाने भरून काढता येते. दोन्ही पदार्थ आपल्याकडे उपवासाला चालतात, आणि गहू व मूग यांचा येथे संबंधच येत नाही.

शेंगदाण्याचे दूध

चार पेल्यांसाठी एक वाटी चांगले शेंगदाणे घ्यावेत. ते निवडताना कुचकट, सुरकुतलेले, काळपट वा बुरशीचा वास येणारे दाणे कटाक्षाने काढून टाकावेत. बुरशी लागलेला दाणा शरीरास अपायकारक असतो आणि तो धुऊन वा उकळून निर्दोष होत नाही. निवडलेले दाणे आदल्या रात्री भरपूर पाण्यात भिजत घालावेत. ज्या घरी या दिवशी तवा चढवीत नाहीत त्यांचीही सोय होते, कारण दाणे भाजावे लागत नाहीत.

सकाळी ते पाणी ओतून द्यावे, दाणे चोळून साले काढावीत आणि स्वच्छ पाण्याने दोनदा धुवावेत. साल राहिली तर दुधाला तुरटपणा येतो व रंगही मळकट होतो. मग थोड्याशा पाण्याबरोबर दाणे पाट्यावर अथवा मिक्सरमध्ये गंधासारखे बारीक वाटावेत. एकंदर चार वाट्या पाणी घालून ते सारखे करावे आणि धुतलेल्या मलमलीतून पिळून गाळावे.

हे दूध कच्चे वापरू नये. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर, सतत ढवळीत, उकळी आल्यावर आठ-दहा मिनिटे आटवावे. ते दुधासारखेच एकदम वर येते, म्हणून पातेले मोठे असावे आणि लक्ष तेथेच असावे. उकळल्याने दाण्याचा उग्र वास जातो व दुधाला दाटपणा येतो. निवल्यावर ते फ्रिजमध्ये ठेवावे. तळाशी साका बसतो, तो नासल्याची खूण नव्हे, वापरण्यापूर्वी ढवळावे. दोन दिवसांपलीकडे मात्र ते ठेवू नये.

नारळाची जोड

नुसत्या शेंगदाण्याच्या दुधाची कॉफी चांगली होते, पण जिभेवर साईचा जो स्निग्धपणा हवा तो नारळ देतो. निम्म्या नारळाचा चव पाऊण वाटी कोमट पाण्यात वाटून, पिळून जाड दूध काढावे. तीन भाग शेंगदाण्याच्या दुधात एक भाग हे दूध मिसळावे. नारळाचे दूध फार वेळ फ्रिजमध्ये ठेवल्यास त्यातील तेल थिजून वर थर धरते. म्हणून ते आयत्या वेळी काढणे उत्तम.

कॉफीची कृती

एक कप पाण्याला आधण आणून विस्तवावरून उतरावे. त्यात चार चहाचे चमचे भरून कॉफीची पूड घालून झाकण ठेवावे व पाच मिनिटांनी गाळावे. अर्क नेहमीपेक्षा कडक हवा, कारण पुढे बर्फ वितळून तो सौम्य होणार असतो. साखर, अंदाजे आठ चमचे, अर्क गरम असतानाच विरघळवावी. थंड पेयात ती तळाशीच राहते. गूळ आवडत असेल तर तो किसून घालावा. गुळाने दूध फाटण्याची भीती असते, म्हणून तोही अर्कातच विरघळवून, गाळून, पूर्ण थंड होऊ द्यावा. किसलेले जायफळ चिमूटभर आणि वेलदोड्याची पूड याच वेळी घालावी.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावयाची. कॉफीत आंबट गुण असतो, आणि गरम अर्क दाण्याच्या दुधात ओतला तर दूध फाटल्यासारखे होऊन कण दिसू लागतात. तेव्हा अर्कही थंड आणि दूधही थंड, असे झाल्यावरच दोन्ही एकत्र करावीत. प्रत्येक पेल्यात तीन भाग दूध व एक भाग अर्क घालून रवीने घुसळावे, म्हणजे वर फेस येतो. शेवटी बर्फाचे तीन-चार खडे सोडावेत. बर्फ उकळून निवविलेल्या पाण्याचा असावा. थोडे गोड केलेले शेंगदाण्याचे दूधच बर्फाच्या साच्यात गोठविले, तर कॉफी शेवटच्या घोटापर्यंत पातळ होत नाही. फ्रिज नसलेल्या घरी दूध उकळून पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवावे, आणि केल्या दिवशीच संपवावे.

दोन सूचना आवश्यक आहेत. शेंगदाणा कित्येकांना सोसत नाही व काहींना त्याची तीव्र बाधा होते. पाहुण्यांना पेला देण्यापूर्वी त्यात काय आहे हे अवश्य सांगावे. तसेच हे मोठ्या माणसांचे एका दिवसाचे पेय आहे. तान्ह्या बाळाला वा लहान मुलाला नेहमीच्या दुधाऐवजी ते देऊ नये. बालके आणि आजारी माणसे यांना व्रताचे बंधन नसतेच.

उरलेला चोथा

मलमलीत राहिलेला दाण्याचा चोथा टाकून देऊ नये. मिरची, मीठ व जिरे घालून त्याची ओली चटणी होते आणि ती रात्री बाजरीच्या भाकरीबरोबर फार रुचकर लागते. ज्यांच्या दारी गाय आहे त्यांनी तो ताजा असतानाच तिच्या आंबोणात मूठभर मिसळावा. शेंगदाण्याची पेंड ती खातेच. हा तिच्याच ओळखीचा घास आहे.

कोणी म्हणतील की दूध सोडावयाचे आणि दुधासारखे काही करून प्यावयाचे, हा त्याग कसला? प्रश्न रास्त आहे. परंतु वसुबारसेचे व्रत जिभेला शिक्षा करण्यासाठी नाही. ते वासराचे पोट भरण्यासाठी आहे. पेल्यातील चव टिकली आणि वासराच्या तोंडचा घास त्याला मिळाला, तर व्रताचा भंग होत नाही. उलट, पेला रिकामा ठेवला आणि गोठ्यातील गोऱ्हा उपाशीच बांधलेला राहिला, तर शब्द पाळला गेला, अर्थ राहून गेला. कहाणीतील सुनेसारखे झाले.

आपल्या जिल्ह्यातील नेवाशास ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, शके १२१२ मध्ये. वासराच्या ओढीने धावणाऱ्या गाईचे चित्र आपल्या संतवाङ्मयात देवाच्या भक्तावरील प्रेमाची उपमा म्हणून पुनःपुन्हा येते. त्या ओढीचा मान वर्षातून एका सायंकाळी प्रत्येक घराने राखावा. गोठ्यात दिवा लावावा, वासराचे दावे सैल करावे, आणि दारी आलेल्याच्या हाती थंड पेला ठेवावा. आमच्या सर्व वाचकांना ही दीपावली गोधनाने व समाधानाने समृद्ध जावो.