सारे अनित्य, म्हणून लेकराने रडू नये?

मरण कोणालाच चुकलेले नाही. परंतु मेलेल्या माणसासाठी कोणी रडायचे, किती रडायचे आणि कुठे रडायचे, हे मात्र ज्याची त्याची जात, धर्म आणि परिस्थिती ठरवते. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला हे कोणी समजावून सांगत नाही. ते पाहूनच शिकते.

भिवंडीलगतच्या शेलारचेच उदाहरण घ्या. यंत्रमागाच्या खडखडाटात येथे सर्व समाजांची घरे आहेत. हिंदू घरात बाप गेला की मुलाचे मुंडण होते, अग्नी तोच देतो, दहाव्याला कावळा पिंडाला शिवेपर्यंत ताटकळत उभाही तोच राहतो. मुस्लिम घरातला मुलगा जनाज्याला खांदा देतो, कबरीवर माती लोटतो. तीन दिवस दुखवटा असतो, पण मोठ्याने आक्रोश धर्माला मान्य नाही. दोन्हीकडे मुलाला निदान काही करायला मिळते. मुलगी बहुधा घरातच राहते.

आणि आमच्याकडे? १९५६ साली धम्मदीक्षा घेऊन आम्ही पिंड आणि कावळा सोडला, योग्यच केले. त्रिसरण-पंचशील आले, पुण्यानुमोदन आले. पण तेथे होते काय? पुढारी एकामागून एक भाषणे ठोकतात आणि जिचा बाप गेला ती पोरगी कोपऱ्यात बसून असते. वर तिला सांगायचे, ‘सारे अनित्य आहे, बौद्धाने रडू नये!’

असे तथागतांनी केले काय? कुशिनारा येथे महापरिनिर्वाण समीप आले असता आनंद दाराला टेकून रडत होता. तथागतांनी त्याला बोलावून घेतले, अनित्यता समजावली आणि भिक्खूसंघासमोर त्याच्या सेवेचा गौरव केला. बाबासाहेबांनी पाचपैकी चार अपत्ये गमावली. १९२६ साली राजरत्न गेल्यावर मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपले दुःख लपवले नाही. मग आमच्या लेकरांनीच का लपवावे?

शोकाला सवडही लागते. कमावता बाप गेला की गरिबाचा मुलगा आठवड्यात गोदामात हमालीला लागतो. शिक्षण हक्क कायद्याचे छत्र चौदाव्या वर्षी संपते, म्हणजे नेमके याच वयाला!

तेव्हा बांधवांनो, पुण्यानुमोदनात पहिला शब्द लेकरांना द्या. मुलीलाही स्मशानात सोबत न्या. तिला रडू द्या. आणि सभेचा मंडप, हारतुरे यांवरचा खर्च वाचवून त्या घरातल्या मुलांची बारावीपर्यंतची फी वस्तीने उचलावी. मृताला खरी आदरांजली तीच होय.