लाल पेल्याची ओळख

हिवाळा संपत आला, की इंग्लंडमधील रानात ओलसर शेवाळावर पडलेल्या कुजक्या फांद्यांवर लालभडक पेले दिसू लागतात. रुंदी एक ते पाच सेंटिमीटर. हे फूल नव्हे. पेल्यावर हळूच फुंकर घाला. पुष्कळदा धुराचा बारीकसा लोट उठतो. पेल्याच्या आतील अस्तर असंख्य सूक्ष्म नळ्यांचे बनलेले असते. प्रत्येक नळीत ८ बीजाणू असतात आणि आतील पाण्याच्या दाबाने ते बाहेर फेकले जातात. म्हणजे हे कवक आहे. पण कोणते?

केवळ रंग पाहून नाव देऊ नका. क्रमाने तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : पेला कशावर उगवला आहे? संत्र्याच्या सालीसारखे दिसणारे ॲल्युरिया हे कवक मातीवर उगवते. आपला पेला लाकडावर वाढतो. मात्र फांदी कधी कधी मातीत गाडलेली असते, म्हणून बोटाने माती दूर सारून पाहा.

दुसरा प्रश्न : कड कशी आहे? कडेला पापण्यांसारखे ताठ, काळपट केस असलेली छोटी लाल चकती म्हणजे स्कुटेलिनिया. आपल्या पेल्याला असे केस नसतात. त्याच्या बाहेरच्या अंगावर फिकट, मऊ लव असते. तेव्हा प्रजाती ठरली : सार्कोसायफा.

तिसरा प्रश्न : ही लव सूक्ष्मदर्शकाखाली कशी दिसते? केस सरळ किंवा किंचित वाकलेले असतील, तर जाती कॉक्सिनिया. मळसूत्रासारखे पिळलेले असतील, तर ऑस्ट्रियाका. खात्रीसाठी बीजाणूही पाहावेत. पहिलीच्या बीजाणूंची टोके गोलसर, तर दुसरीच्या बीजाणूंची बोथट, जणू चेपलेली असतात.

नुसत्या डोळ्यांना या दोन्ही जाती सारख्याच दिसतात. म्हणून युरोपात कितीतरी वर्षे दोहोंची नोंद कॉक्सिनिया या एकाच नावाने होत असे. १९८४ साली बाराल या जर्मन अभ्यासकाने त्यांतील फरक तपशीलवार मांडला. मग जुन्या नोंदींचे काय? ज्यांनी नमुना वाळवून जपला होता, त्यांची नोंद पुन्हा तपासता येते. ज्यांनी फक्त नाव लिहिले, त्यांच्या नोंदीबद्दल शंका उरतेच.

पावसाळ्यात तुम्हाला आपल्या रानात एखादे रंगीत कवक दिसले, तर ते चाखू नका. ते कशावर उगवले आहे, कड कशी आहे, तारीख कोणती, हे वहीत लिहा आणि एक नमुना कागदी पाकिटात वाळवून ठेवा. नाव मागाहूनही ठरवता येईल. पुरावा मात्र त्याच वेळी गोळा करावा लागतो.