शंभर टक्के? विसरा!

कोळसा जाळा, डिझेल जाळा नाहीतर गॅस. त्यातली सगळी उष्णता कामाला लावणारं इंजिन आजवर कुणी बनवलेलं नाही आणि बनणारही नाही! हे १८२४ सालीच कळून चुकलं होतं.

त्याआधी शंभरहून अधिक वर्षं कसरत चालू होती. १७१२ मध्ये थॉमस न्यूकमेनने इंग्लंडच्या खाणीतलं पाणी उपसायला वाफेचं इंजिन बसवलं. ते कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम एक टक्का वापरायचं. सिलिंडरमध्ये वाफ भरायची आणि तिथेच गार पाणी मारायचं, म्हणजे दर फेरीला तापलेलं सिलिंडर पुन्हा थंड! जेम्स वॅटने वाफ निववायला वेगळं भांडं जोडलं आणि कोळशाचा खर्च धाडकन खाली आला.

मग आला सादी कार्नो. फ्रेंच लष्करी इंजिनिअर, वय २८. १८२४ मधल्या पुस्तकात त्याने सांगितलं, मर्यादा ठरते ती फक्त दोन तापमानांवरून. धबधबा जितका उंच तितकं चक्राला बळ. तसंच उष्णतेचं, गरम बाजू आणि थंड बाजू यांतलं अंतर महत्त्वाचं. विशेष म्हणजे उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे, ही तेव्हाची चुकीची समजूत धरूनच त्याने हे अचूक उत्तर काढलं. विज्ञानातला इतका विलक्षण नेम मला दुसरा माहीत नाही. त्याच्या हयातीत पुस्तकाकडे फारसं कुणी फिरकलं नाही. कार्नो ३६ व्या वर्षी कॉलऱ्याने गेला.

आता हिशेब करा. औष्णिक वीजकेंद्रात वाफ साधारण ५४० अंश सेल्सियस, थंड बाजू ४०. दोन्हींत २७३ मिळवून केल्विन करा: ८१३ आणि ३१३. त्यांतला फरक मोठ्या आकड्याने भागा: कमाल कार्यक्षमता साधारण साडेएकसष्ट टक्के. प्रत्यक्षात बऱ्याच जुन्या संचांत ३५ च्या आसपास. चंद्रपूरच्या कूलिंग टॉवरमधून निघणारे पांढरे लोट धुराचे नाहीत, ती उरलेली उष्णता घेऊन जाणारी वाफ आहे. ही उष्णता वाया गेली असं म्हणू नका. ती सोडली नाही, तर चक्रच थांबेल!

आणखी एक गंमत: कार्नोची कमाल गाठायची तर इंजिन इतकं संथ चालवावं लागतं की त्यातून मिळणारी शक्ती शून्यावर येते.

रुडॉल्फ डिझेलने कार्नोचाच ध्यास घेतला. १८९७ मध्ये त्याचं इंजिन २६ टक्क्यांवर पोचलं. आज गॅस टर्बाइनच्या गरम धुरावर पुन्हा वाफ करणारी उत्तम केंद्रं साठ टक्के ओलांडतात.

आणि समुद्र? उष्ण प्रदेशात वर २५ अंश, खोलवर ५. कमाल पावणेसात टक्के! तरी जॉर्ज क्लोद या फ्रेंच संशोधकाने १९३० मध्ये क्युबाच्या किनाऱ्यावर समुद्राच्या अशाच फरकावर २२ किलोवॅट वीज काढून दाखवली.